आजीच्या हाताला काम द्या

इंदूरला वृद्धाश्रमात डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) असलेल्या आजीला भेटायला जाताना नुसती फळं नका नेऊ, मटार न्या सोलायला, आयुष्यभर केलेलं काम हातांना बरंच आठवतं हो. एका वेळी एकच सांगायचं, "आजी, ही शेंग सोल", बास, आणि चुकलं तरी टोकायचं नाही. चष्मा, कानाचं मशीन आधी लावा. राजवाड्याच्या जुन्या गोष्टी काढा.

पण कालपर्यंत ठीक आणि आज अचानक भलतंच बोलतेय किंवा नुसती गुंगीत आहे, तर वय झालं म्हणून सोडू नका प्लीज, डेलिरियम, म्हणजे अचानक आलेला मनाचा गोंधळ, असू शकतं, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, कारण काहीही असतं, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. अशा वेळी दिवसा उजेड, रात्री शांतता, समोर मोठं घड्याळ आणि जवळ ओळखीचं माणूस.