अलेम्बिक आणि अनेक स्कीमा: मायग्रेशन करताना या चुका टाळा

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एकच स्कीमा (टेबलांचा नाव दिलेला गट) असेपर्यंत एसक्यूएल-अल्केमी (पायथनमधून डेटाबेस हाताळणारी लायब्ररी) आणि अलेम्बिक (टेबलांच्या रचनेतले बदल, म्हणजे मायग्रेशन, चालवणारं तिचं साधन) ही जोडी फारसा त्रास देत नाही. बिलिंग, स्टॉक असे वेगळे स्कीमा आले किंवा प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र स्कीमा द्यायचं ठरलं, की ऑटोजनरेट (मॉडेलं, म्हणजे कोडमधल्या टेबलांच्या व्याख्या, डेटाबेसशी ताडून मायग्रेशन लिहून देणारं अलेम्बिकचं फीचर) आधीच असलेली टेबलं पुन्हा बनवायला निघतं आणि हवी ती पुसायला निघतं. माझ्या मते यातल्या बहुतेक भानगडींचं मूळ एकच, सर्च पाथ, म्हणजे स्कीमाचं नाव न दिलेलं टेबल कुठल्या स्कीमांत शोधायचं याची यादी. म्हणून फाइलींमध्ये हात घालण्याआधी, मायग्रेशन ज्या युजरने चालतं त्याच युजरने लॉगिन करा आणि 'शो सर्च_पाथ' चालवून बघा.

ऑटोजनरेटला सगळं दाखवणं

अलेम्बिक मुळात फक्त डिफॉल्ट स्कीमा (सर्च पाथमधला अस्तित्वात असलेला पहिला, सहसा पब्लिक) तपासतं. बिलिंगमधली टेबलं त्याला दिसतच नाहीत, म्हणून दर वेळी ती नव्याने बनवायचा कोड येतो. यावर सगळे जण एन्व्ह डॉट पाय या अलेम्बिकच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'इन्क्लूड_स्कीमाज' चालू करतात. ते बरोबरच आहे, पण अर्धंच. आता त्याला डेटाबेसमधला प्रत्येक स्कीमा दिसतो, आणि तुमच्या मेटाडेटात (मॉडेलमधल्या टेबलांच्या यादीत) नसलेल्या प्रत्येक टेबलासाठी ते 'ड्रॉप_टेबल' लिहून देतं. रिपोर्टिंगवाल्या टीमची टेबलं, पोस्टजीआयएस या नकाशांच्या एक्स्टेन्शनचं 'स्पेशियल_रेफ_सिस', काही सुटत नाही. तयार झालेली फाइल न वाचता प्रॉडक्शनवर चालवली तर डेटा गेलाच म्हणून समजा.

त्यासाठी 'इन्क्लूड_नेम' हा हूक (काय तपासायचं हे ठरवताना अलेम्बिक बोलावतं ते तुमचं फंक्शन) लिहा आणि त्यात फक्त आपल्या स्कीमांची नावं द्या. इथे एक बारीक खोच आहे: डिफॉल्ट स्कीमाचं नाव या हूकला 'पब्लिक' असं मिळत नाही, 'नन' (पायथनमधली रिकामी किंमत) म्हणून मिळतं. यादीत 'पब्लिक' लिहिलंत तर पब्लिकमधली टेबलं गाळली जातात. पब्लिकमधल्या नकोशा टेबलांना याच हूकमध्ये टेबलाच्या नावावरून वगळा.

मॉडेलमध्येही हेच. डिफॉल्ट स्कीमातल्या टेबलाला 'स्कीमा=पब्लिक' असं लिहू नका. डेटाबेसकडून ते टेबल बिननावाच्या स्कीमात आलेलं असतं, मॉडेल त्याला पब्लिकचं म्हणतं, आणि अलेम्बिकच्या लेखी ती दोन वेगळी टेबलं ठरतात.

फॉरेन की दर वेळी तुटते आणि जोडली जाते

मायग्रेशनच्या युजरला सर्च पाथमध्ये 'पब्लिक, बिलिंग' असं दिलेलं असलं, की दर मायग्रेशनमध्ये फॉरेन की (एका टेबलाचा दुसऱ्या टेबलाशी असलेला दुवा) काढून पुन्हा जोडायचा कोड येतो. पाथमध्ये असलेल्या स्कीमाचं नाव पोस्टग्रेस फॉरेन कीच्या व्याख्येत लिहीत नाही, मॉडेलमध्ये मात्र ते असतं. जुळणी होत नाही. उपाय सोपा आहे: या युजरचा पाथ फक्त पब्लिक ठेवा, बाकी स्कीमा मॉडेलमध्ये नावानिशी लिहा.

पोस्टग्रेसचा मूळ सर्च पाथ 'डॉलर-युजर, पब्लिक' असतो, म्हणजे आधी युजरच्याच नावाचा स्कीमा. त्यामुळे युजरचं नावही बिलिंग आणि स्कीमाचंही बिलिंग असेल, तर डिफॉल्ट स्कीमा गुपचूप बिलिंग होतो. नावं वेगळी ठेवा.

ग्राहकागणिक स्कीमा असेल तर

इथे उलटं करायचं असतं: मॉडेलमध्ये स्कीमा लिहायचा नाही, प्रत्येक ग्राहकासाठी सर्च पाथ बदलून तेच मायग्रेशन चालवायचं, आणि डायलेक्टचं (एसक्यूएल-अल्केमीचा पोस्टग्रेसशी बोलणारा भाग) 'डिफॉल्ट_स्कीमा_नेम'ही त्या ग्राहकाच्या स्कीमावर आणायचं. या दोन पद्धती एकाच मेटाडेटात मिसळू नका.

लॉगमध्ये 'रनिंग अपग्रेड' दिसतं, एररही नाही, तरी टेबल तयार झालेलं नाही, अशी तक्रार असेल तर एसक्यूएल-अल्केमी 2.0 मध्ये सर्च पाथ सेट केल्यावर कमिट (बदल कायम करणं) राहून गेलेलं असणार. पाथ सेट करणारी ती एक ओळ चालताच ट्रान्झॅक्शन (एकत्रच कायम किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) आपोआप सुरू होतं. अलेम्बिकला वाटतं हे बाहेरच्या कोणाचं तरी आहे, म्हणून ते स्वतः कमिट करत नाही, आणि कनेक्शन बंद होताना सगळं रोलबॅक, म्हणजे रद्द, होतं. पाथ सेट केल्याबरोबर कमिट करा.

'रनिंग अपग्रेड' ही ओळच येत नसेल तर कारण वेगळं. पाथमध्ये ग्राहकाच्या स्कीमामागे पब्लिकही आहे आणि पब्लिकमध्ये जुनं 'अलेम्बिक_व्हर्जन' टेबल (कुठलं मायग्रेशन झालं याची नोंद) पडलेलं आहे. अलेम्बिक तेच वाचतं आणि हा ग्राहक अद्ययावत आहे असं समजून पुढे जातं. 'व्हर्जन_टेबल_स्कीमा' प्रत्येक ग्राहकासाठी स्पष्ट द्या.

किरकोळ, पण अडवणाऱ्या गोष्टी

स्कीमा अलेम्बिक बनवून देत नाही. 'क्रिएट स्कीमा इफ नॉट एग्झिस्ट्स' तुम्हीच चालवायचं, आणि व्हर्जन टेबल त्याच स्कीमात जाणार असेल तर मायग्रेशन सुरू होण्याआधी. ॲप्लिकेशनच्या युजरला नव्या स्कीमावर 'युसेज' ही परवानगी द्यायला विसरू नका. एनममध्ये (ठरावीक किमतींचा टाइप) वाढवलेली किंमत ऑटोजनरेटला कळत नाही. टेबल ड्रॉप केलं तरी एनमचा टाइप मागे राहतो, म्हणून डाउनग्रेडमध्ये तोही हाताने ड्रॉप करा, नाहीतर पुढच्या अपग्रेडला 'टाइप आधीच आहे' म्हणून अडेल.

आवृत्ती 1.9 पासून 'अलेम्बिक चेक' ही कमांड आहे. ताज्या डेटाबेसवर सगळी मायग्रेशनं चालवून लगेच ती चालवा. तिने एकही बदल सुचवला, तर वरीलपैकी काहीतरी अजून दुरुस्त व्हायचं आहे.