फेरफार केलेली जुनी मिनी विकत घेण्यापूर्वी कशी तपासावी

ऑगस्ट १९५९ ते ऑक्टोबर २००० या काळात त्रेपन्न लाखांहून अधिक छोट्या मिनी मोटारी तयार झाल्या, आणि मालकांनी त्यांच्यावर जेवढी करवत चालवली तेवढी दुसऱ्या एखाद्या ब्रिटिश गाडीवर क्वचितच चालली असेल. याचे कारण ॲलेक इसिगोनिस यांच्या मूळ रचनेतच आहे. इंजिन आडवे, त्याच्याच पोटात गिअरबॉक्स, आणि हे सगळे पुढच्या सबफ्रेमवर, म्हणजे सांगाड्याला बोल्टने जोडलेल्या लोखंडी चौकटीवर, बसवलेले. मागची चाके वेगळ्या सबफ्रेमवर. बोल्ट सोडले की गाडीची सारी यंत्रणा दोन गठ्ठ्यांत बाहेर येते आणि वेगळ्या सांगाड्याखाली किंवा मागच्या बाजूलाही बसवता येते.

म्हणून समोरची गाडी नेमकी कोणत्या कुळातली आहे, हे आधी ठरवावे. मिनी मार्कोससारख्या गाडीत यंत्रणा मिनीची असली तरी काया फायबरची असते. १९६६ च्या ल मां शर्यतीत अशीच एक मार्कोस पंधरावी आली आणि शर्यत पूर्ण करणारी ती एकमेव ब्रिटिश गाडी ठरली. अशा गाडीची काया गंजत नाही, पण सबफ्रेम लोखंडाचीच असते, त्यामुळे ती फायबरला जिथे जोडली आहे तिथे तडे आहेत का, हे पाहावे. पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने बसवलेली मिनी हा दुसरा प्रकार. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या आणि मिनी कूपरला आपले नाव देणाऱ्या खुद्द जॉन कूपर यांना १९६४ मध्ये अशाच गाडीत भीषण अपघात झाला होता. संत्री विकणाऱ्या आउटस्पान कंपनीने जाहिरातीसाठी मिनीच्या यंत्रणेवर संत्र्याच्या आकाराच्या गाड्या करवून घेतल्या होत्या. त्यांतली एक इंग्लंडमधील ब्यूली येथील मोटार संग्रहालयात आहे आणि ती तिथे पाहण्यातच शहाणपण आहे. बाजारात प्रत्यक्ष भेटणारी गाडी बहुधा तिसऱ्या प्रकारची असते, म्हणजे मूळ पत्र्याच्या सांगाड्यात परके इंजिन घातलेली.

विक्रेता सर्वप्रथम बॉनेट उघडून दाखवील, पण आपण त्याआधी गुडघ्यांवर बसून पत्रा पाहावा. इंजिन बदलता येते. कुजलेला सांगाडा दुरुस्त करण्यात मात्र इंजिनाहून जास्त पैसे जातात. चांगले लोहचुंबक रुमालात गुंडाळून, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही, चाकांच्या कमानींवरून आणि दरवाज्यांखालच्या सिलवरून सावकाश फिरवावे. जिथे ते चिकटेनासे होते तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर किंवा फायबर आहे, असे समजावे. कमानींवर रिव्हेट मारून बसवलेली रुंद फायबरची पट्टी दिसायला रुबाबदार असली तरी तिच्याआड गंज लपवणे फार सोपे असते. हीच गोष्ट जुन्या सिलवर नवा पत्रा चढवून वेल्ड केलेल्या रुंद सिलची. डिकीतला गालिचा उचलून बॅटरीची पेटी पाहावी, मागची सबफ्रेम सांगाड्याला जिथे जोडलेली असते तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. आवाज टणक यायला हवा, भरड्या बिस्किटासारखा नव्हे.

मिनीच्या कोपऱ्यांवर बाहेरून दिसणारे उभे सांधे ही तिची खूण आहे. वेल्डिंग सोपे व्हावे म्हणून ते मुद्दाम बाहेर ठेवले होते. हौशी लोक गाडी गुळगुळीत दिसावी म्हणून ते कापून टाकतात. आतून नीट वेल्ड केले नसेल तर त्यामुळे सांगाडा सैल होतो, आणि अशा गाडीचा एक दरवाजा उघडून बंद करताना तो उचलून लावावा लागतो. असेच संपूर्ण पुढचा भाग फायबरचा करून तो एका झटक्यात उचलला जाईल अशी सोय केलेली असते. त्यासाठी पुढचा पत्रा कापतात आणि सबफ्रेमचे पुढचे आधार जातात. त्याऐवजी लोखंडी नळ्यांचे आधार इंजिनामागच्या भिंतीपर्यंत नेलेले आहेत का, हे पाहणे अनिवार्य आहे.

आता इंजिन. मूळ ८४८ सीसीच्या इंजिनाची ताकद ३४ अश्वशक्ती होती. होंडाचे १६०० सीसीचे बी१६ इंजिन घातले की ती सुमारे १६० होते. एवढ्या ताकदीसाठी ब्रेक, ड्राइव्हशाफ्ट (चाकांपर्यंत ताकद नेणारे दांडे) आणि सबफ्रेम हेही बदललेले असावेत. १० इंची चाकांत ब्रेकची मोठी डिस्क मावत नाही. १२ इंची चाके आणि ८.४ इंची डिस्क हा १९८४ पासूनचा कारखान्यातलाच पर्याय होता, आणि निदान तेवढे तरी हवेच. इंजिन मूळ जातीचेच ठेवून १२७५ वरून १३८० सीसीपर्यंत वाढवलेले असेल तर सिलिंडरच्या भिंती पातळ झालेल्या असतात, म्हणून गाडी गर्दीत वीस मिनिटे चालवून तापमानाचा काटा पाहावा. या इंजिनात गिअरबॉक्सलाही तेच तेल पुरते, त्यामुळे तेल काढण्याच्या चुंबकी बोल्टला काय चिकटले आहे ते पाहण्याचा आग्रह धरावा. करडा, लोण्यासारखा गाळ चालतो. धातूचे तुकडे किंवा गिअरच्या दाताचा कोपरा आढळला तर सौदा तिथेच थांबवावा.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठे फेरफार झाले असतील तर ही सूट लागू होत नाही. सांगाडा, इंजिन आणि नोंदणीपत्रावरचे क्रमांक जुळतात का, हे स्वतः वाचून पाहावे आणि फेरफारांची यादी विमा कंपनीला आधीच पाठवावी. चांगला कारागीर रंग चढवण्यापूर्वीच्या उघड्या पत्र्याची छायाचित्रे आणि सुट्या भागांच्या पावत्या आनंदाने दाखवतो. ती नसतील, तर गाडी कितीही झगमगीत असली तरी बोली केवळ तिच्या यंत्रणेची लावावी, सांगाड्याची नव्हे.