अमेरिकेत नोकरी गेल्यावर बेकारी भत्ता: अर्ज सोपा, दर आठवडा अवघड

नोकरी गेली की त्याच आठवड्यात अर्ज करा. ‘सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनी देते ती रक्कम) संपू दे, मग बघू’ असं सांगणारे तुमचे बुडालेले पैसे भरून देत नाहीत. बहुतेक राज्यांत क्लेम, म्हणजे भत्त्याचा दावा, अर्जाच्या आठवड्यापासून सुरू होतो. सेव्हरन्समुळे भत्ता अडतो की नाही, हे राज्य ठरवेल.

अर्ज जिथे काम केलं त्या राज्यात करायचा: राहायला न्यू जर्सी, नोकरी न्यूयॉर्कला, तर अर्ज न्यूयॉर्कला. नोकरी जाण्याचं कारण ‘ले-ऑफ’ (कंपनीने केलेली कपात) असेल तर तेवढंच लिहा, मॅनेजरचं पुराण नको. ग्रीन कार्डवाल्यांनी (कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनी) अर्ज बिनधास्त करावा. एच-१बीवर (एका कंपनीशी बांधलेल्या कामाच्या व्हिसावर) सहसा नकार येतो, कारण कुठलंही काम लगेच घ्यायला तुम्ही कायद्यानं मोकळे असायला हवे.

रक्कम जुन्या पगारावरून ठरते, पण तिला कमाल मर्यादा असते. कॅलिफोर्नियात ती आठवड्याला ४५० डॉलर आहे. भत्ता मिळण्याची मुदत बऱ्याच राज्यांत २६ आठवडे, काहींत बरीच कमी.

आता खरी गोम. क्लेम मंजूर झाला म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत. ठरलेल्या मुदतीत, प्रत्येक आठवड्यासाठी सर्टिफाय करावं लागतं, म्हणजे राज्याच्या प्रश्नांची उत्तरं भरून द्यावी लागतात: काम केलं का, किती कमावलं, काम शोधलं का, काम मिळालं तर करू शकला असता का. मी इथेच आपटलो. मधे दोन दिवसांचं किरकोळ काम केलं, चेक तीन आठवड्यांनी आला, आणि मी तो आला त्या आठवड्यात, तोही कर वजा जाता, दाखवला. दोन्ही चुका! पगारी कामाची कमाई काम केलं त्या आठवड्यात दाखवायची, आणि ग्रॉस, म्हणजे कर कापण्याआधीची. चेकची वाट पाहायची नाही. तास गुणिले दर करायचं आणि भरायचं. मला जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीचं पत्र आलं. माझा हेतू चोरीचा नव्हता हे पटवण्यात महिने गेले. ‘एवढंसं काम कोण बघतंय’ म्हणणाऱ्या मित्राचं तर मुळीच ऐकू नका. मालक पगाराचे आकडे राज्याला कळवतात आणि ते ताडून पाहिले जातात.

कुठे अर्ज केला, कधी, कुणाशी बोललात, याची वही ठेवा. मागाहून मागतात.

नकार आला तर पत्रावरच्या मुदतीत अपील करा आणि अपील चालू असतानाही दर आठवड्याला सर्टिफाय करत राहा. जिंकलात तरी सर्टिफाय न केलेल्या आठवड्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत.

भत्त्यावर फेडरल आयकर लागतो. १० टक्के आधीच कापून घ्यायचा पर्याय असतो, तो निवडा.