तण कुठलं, रोप कुठलं? पावसाळी परसातली ओळख

मृगाचा पाऊस लागला, आळी करून बिया टाकल्या, की आठवड्याभरात सगळं परसू हिरवंगार होतं. पण त्या हिरव्यात आपली भेंडी कुठली आणि रान कुठलं? मालवणजवळच्या घरी पहिल्या वर्षी मी खुरपं घेऊन मोठ्या हौसेने वाफा साफ केला. शेजारच्या काकींनी गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) नुसतं डोकावून निकाल दिला, "गो बाय, भेंडे उपाटलंस आणि रान राखलंस!" राखलेलं रान म्हणजे वनभेंडी. पावसाळा सरता सरता तिची काटेरी फळं माझ्या कपड्यांना चिकटायला लागली तेव्हा मला ते पटलं. पुढच्या वर्षापासून मी काम उलट बाजूने सुरू केलं. तणाच्या शंभर जाती पाठ करत बसले नाही, आपल्या दहा भाज्यांची बाळरूपं ओळखायला शिकले.

१. ओळख पेरतानाच करून ठेवा

वळवाचा पाऊस पडला की लगेच पेरू नका. आठ-दहा दिवसांत तणाची पहिली पिढी उगवून येते, ती खुरप्याने वरच्यावर खरवडून काढा. खोल खणलंत तर खालचं झोपलेलं बी वर येतं आणि पुन्हा तेच.

मग पेरणी ओळीत करा. माठाचं बी फोकून टाकायची आपल्याकडे सवय आहे, पण नवख्या माणसाने ते वाळूत मिसळून बोटाने ओढलेल्या रेघेत सोडावं. ओळीच्या दोन्ही टोकांना माडाचा एकेक हीर (झावळीच्या पात्याची काडी) खोचा. वेलभाजीच्या आळ्यात तीन बिया त्रिकोणात लावा. त्रिकोणाबाहेर जे उगवेल त्यावर संशय घ्यायचा. जोराच्या सरींनी बी वाहून जाईल असं वाटलं तर वर चुडत (माडाची झावळी) टाका, मात्र कोंब दिसला त्या दिवशी ते उचला.

२. साक्षीदार ठेवा

एक नारळाची करवंटी घ्या, तळाला भोक पाडा. चुलीवर भाजून गार केलेली माती आणि सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसा मिसळून त्यात भरा आणि वाफ्यात पेरलेलं तेच बी त्याच दिवशी दोन-तीन दाणे लावा. भाजलेल्या मातीत तणाचं बी जिवंत राहत नाही, त्यामुळे करवंटीत जे येईल ते तुमचंच. ती वाफ्याशेजारी ठेवून रोपाशी रोप ताडून बघता येतं. मोबाइलवरच्या फोटोंपेक्षा हे कितीतरी खात्रीचं, कारण पाऊस आणि वय दोन्ही सारखं असतं.

याच्या उलट वाफ्याच्या कडेला वीतभर जागा बी न टाकता मोकळी सोडा. तिथे जे उगवेल ते सगळं तण. इतकी स्वस्त शिकवणी दुसरी नाही.

३. पहिली दोन पानं बघा, पण त्यांच्यावर निकाल देऊ नका

डाळिंबीच्या उसळीसाठी ज्याने वाल सोलले आहेत त्याने बीजदलं हातात धरली आहेत. वालाच्या त्या दोन फाका म्हणजेच रोपाची शिदोरी. बहुतेक भाज्यांत हीच दलं जमिनीवर येऊन पहिल्या दोन पानांसारखी पसरतात. बी जेवढं मोठं तेवढी दलं मोठी आणि जाड. परसातल्या बहुतेक तणांचं बी बारीक, म्हणून त्यांची दलंही अगदी इवलीशी. काकडी, दुधी, भोपळा यांची दलं मात्र जाड, लांबट गोल, बोटाच्या पेरासारखी भरीव.

काकडी उगवताना एकदा वाकून बघाच. कोंब आधी मान खाली घालून, कमान करून वर येतो. त्याच्या बुडाशी एक छोटं बोंड असतं, ते बियाचं टरफल मातीत दाबून धरतं आणि दलं त्यातून सुटून सरळ होतात. बी फार वरवर लावलं असेल तर टरफल टोपीसारखं डोक्यावर राहतं. टोपी तुम्ही लावलेल्या बियाच्या टरफलाची दिसली की ते रोप तुमचं. टोपी ओढून काढू नका, पाण्याने भिजवून सुटू द्या.

तूर मात्र फसवते. तिची दलं मातीतच राहतात आणि वर थेट पानं येतात. चवळीची दलं बाहेर येतात पण लवकर सुकून गळतात. तिची पहिली खरी पानंही एकेकटी, समोरासमोर असतात, तीन पर्णिकांचं ओळखीचं पान त्यानंतर येतं. ते दिसायच्या आतच पुष्कळ लोक चवळी उपटतात.

४. तिसऱ्या पानापर्यंत थांबा

खरी ओळख दलांनंतरच्या पानांत पटते. काही जोड्या नेहमी घोळ घालतात.

भेंडी आणि वनभेंडी, तुपकडी: सगळी एकाच कुळातली. भेंडीची दलं रुंद, शिरा उठून दिसणारी आणि देठ चांगला जाड. बाकीच्यांची त्यामानाने फारच लहान. करवंटी इथे सगळ्यात कामाला येते.

भुईमूग आणि टाकळा: दोघेही संध्याकाळी पानं मिटतात. भुईमुगाच्या पानाला पर्णिकांच्या दोन जोड्या, वाढलेल्या टाकळ्याला तीन. भुईमुगाची दलं मांसल, मातीलगत बसलेली, टाकळ्याची पातळ आणि गोलसर.

माठ आणि काटेमाठ: रोपं लहान असताना हिरवा माठ आणि काटेमाठ वेगळे काढणं मलाही जमत नाही. काटे बऱ्याच पानांनंतर बगलेत येतात. ओळीबाहेरचा काढा आणि कोवळा असेल तर भाजीत टाका, तोही खातात. चूक झाली तरी नुकसान नाही.

वाल आणि खाजकुइली: दोन्ही तीन पर्णिकांचे वेल. खाजकुइलीचं पान खालून रेशमी लवेचं असतं. गडग्यालगत आपण न लावलेला असा वेल दिसला तर लहानपणीच काढा, शेंगांवरची लव अंगाला लागली की काय होतं ते कोकणात सांगायला नको.

रानातल्या वेलांचं काय? कडू पडवळ, कवंडळ यांची रोपं पडवळ-काकडीच्या रोपांसारखी वाटू शकतात. त्रिकोणाबाहेरचा वेल ठेवू नका. खताच्या खड्ड्यातून आपोआप आलेला दुधी-दोडका राखलात तर पहिलं फळ चाखून बघा. कडू लागलं की थुंका, वेल काढा. कडू फळाची भाजी किंवा रस पोटाला खरोखर बाधतो.

५. तरीही शंका असेल तर

पान चुरगळून वास घ्या. ओसाडी आणि रानमोडी उग्र वासाने लगेच ओळखू येतात. पात्यासारखं काही असेल तर देठ चिमटीत फिरवा, तिन्ही कडा बोटाला लागल्या तर तो लव्हाळा. मक्याची शंका आली तर एक रोप अलगद उपटा, मुळाशी दाणा लटकलेला दिसेल.

६. काढायचं कसं

पावसाची उघडीप बघा. माती मऊ असते, मूळ सहज निघतं. आपल्या रोपाचं बूड डाव्या हाताच्या दोन बोटांनी दाबून धरा आणि शेजारचं तण उजव्या हाताने ओढा. अगदी चिकटून असेल तर कात्रीने मातीलगत कापा. वेलभाज्या आणि शेंगभाज्यांची पानं ओली असताना त्यांत हात घालू नका, रोग एका वेलावरून दुसऱ्यावर जातात.

लव्हाळा नुसता ओढला तर पात तुटते आणि खालची गाठ राहते. खुरप्याचं टोक खाली घालून गाठींची माळ काढावी लागते. केना आणि घोळ ओल्या मातीवर टाकलात तर तिथेच मूळ धरतात. केना तर जमिनीखालीही फुलतो आणि बी करतो. हे सगळं जांभ्याच्या गडग्यावर मुळं वर करून वाळत टाका, खताच्या खड्ड्यात नको.

टोपली वेगळी ठेवा: टाकळा आणि कुरडूचे कोवळे शेंडे भाजीला. आणि वाफ्यात पाणीदार, काचेसारख्या देठाची रोपं दिसली तर ती उचलून कुंपणाशी लावा. तेरडा आहे तो, भाद्रपदात गौरीला लागेल.