उभी गाडी तापते तेव्हा : निदान करताना या चुका टाळा

रस्त्यावर धावताना तापमानाचा काटा जागचा हलत नाही. गाडी वाहतूक कोंडीत अडकली की मात्र तो हळूहळू वर चढतो आणि वेग मिळताच पुन्हा खाली येतो. या तक्रारीतच निम्मे निदान दडलेले आहे. गाडी धावत असताना समोरचा वारा रेडिएटरमधून (इंजिनातला गरम द्रव थंड करणाऱ्या जाळीतून) आपोआप जातो, तर ती उभी असताना हवा ओढून घेण्याची सगळी जबाबदारी रेडिएटर फॅनवर येऊन पडते. त्यामुळे वेगात तापमान काबूत राहत असेल, तर पहिला संशय फॅनवर घ्यायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक जण आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारा हा द्रव) बदलतात, मग थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप), मग थेट रेडिएटरच, आणि फॅनकडे लक्ष जाईपर्यंत खिसा बराच हलका झालेला असतो.

निदानाला हात घालण्यापूर्वी एक धोका लक्षात घ्यावा. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे किंवा दाबाखालच्या कूलंट टाकीचे झाकण कधीही उघडू नये. हे झाकण साधारण 1 बार दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळेच कूलंट 100 अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि उकळते कूलंट थेट अंगावर उसळते. रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताला कोमट आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबावे. इंजिन बंद असले तरी अनेक गाड्यांमध्ये फॅन अचानक सुरू होतो, म्हणून हात आणि सैल कपडे त्याच्यापासून दूर ठेवावेत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही तितकेच वाईट, कारण त्याने हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

फॅनची तपासणी अवघड नाही. इंजिन चालू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांमध्ये काही क्षणांतच फॅन फिरू लागतो. एसीवर तो फिरला, पण एसी बंद असताना इंजिन 95 ते 105 अंशांच्या टप्प्यात जाऊनही सुरू झाला नाही, तर मोटर शाबूत असून तापमानाचा सेन्सर किंवा त्याचे वायरिंग पाहावे लागते. तो मुळीच फिरत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा, मग त्याच गाडीतला तंतोतंत तसाच दुसरा रिले (फॅनचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा विद्युत स्विच) लावून पाहावा, आणि शेवटी फॅनचा कप्लर (वायरी जोडणारा प्लग) काढून, फ्यूज असलेल्या वायरने मोटरला बॅटरीचा थेट 12 व्होल्ट पुरवठा द्यावा. असा पुरवठा देऊनही मोटर फिरली नाही, तर ती गेली. फिरली, तर दोष मोटरच्या अलीकडे, वीजपुरवठ्याच्या वाटेत आहे. कप्लर हातात असतानाच त्याच्या पिना नीट पाहाव्यात, कारण काळवंडलेली पिन आणि तिच्याभोवतीचे वितळलेले प्लास्टिक बहुतेक वेळा सारी कथा सांगून जाते.

इथे दोन चुका हमखास होतात. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज बसवला जातो; परंतु मोटर जाम होत असेल, तर ती जास्त करंट खेचत असते, आणि मग फ्यूजऐवजी वायर जळते. दुसरी चूक म्हणजे स्विच लावून फॅन ‘डायरेक्ट’ करणे. मूळ दोष तसाच राहतो आणि ज्या दिवशी स्विच चालू करायचा राहून जातो, त्या दिवशी इंजिन तापते.

फॅन फिरतो, एवढ्यावरही समाधान मानू नये. दोन वेगांच्या फॅनमध्ये रेझिस्टर (करंट कमी करणारा भाग) जळाला, तर अनेकदा कमी वेग नाहीसा होतो. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्या, तर फॅन हवा ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. फॅन रेडिएटरच्या मागे असेल, तर चालू असताना जाळीसमोर धरलेला कागद आत खेचला गेला पाहिजे. फॅनभोवतीचे प्लास्टिकचे आवरण तुटलेले किंवा गायब असेल, तर तेही आधी बसवावे. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत साचलेली माती व पाने बाहेरून दिसत नाहीत. ती इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवावीत, नाहीतर नाजूक पाती वाकतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि माझ्या मते तो सर्वांत महागात पडतो. इंजिन गरम व्हायला उशीर लागतो, इंधन जास्त जळते, आणि काही रचनांमध्ये बायपासची वाट उघडी राहून कूलंट रेडिएटरला वळसाच घालू लागते.

फॅन निर्दोष ठरला, की मगच पाण्याच्या वाटेकडे वळावे. उभ्या गाडीत रेस 2000 आरपीएमपर्यंत नेल्यावर तापमान उतरत असेल, तर वॉटर पंपाची झिजलेली पाती, कमी पातळी किंवा अडकलेली हवा यांचा विचार करावा. कूलंट भरताना हवा काढण्याचा स्क्रू उघडायला विसरले, तरी तक्रार तशीच राहते. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. कूलंट घट्ट स्वरूपातले (पाणी न मिसळलेले) असेल, तर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळावे.

पातळी वारंवार घटते आहे, पण गळती कुठेच दिसत नाही, टाकीत सतत बुडबुडे येतात, सकाळी थंड इंजिनाचा होजही टणक लागतो, अशी लक्षणे एकत्र दिसली तर हेड गॅस्केटचा (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्यावा. तरीही हेड लगेच खोलू नये. आधी कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू मिसळत आहेत का, याची रसायनाची चाचणी करून घ्यावी. पेट्रोल इंजिनात चाचणीचा निळा द्रव पिवळा पडला, तरच हेड खोलण्याचा खर्च करावा.