पाळणा शेवटी आणा: आई-बाबा होण्याआधी काय काय ठरवावं

गोड बातमी कळली आणि कोपरखैरण्यातल्या आमच्या वन बीएचकेत सगळ्यात आधी काय आलं, तर सागवानी पाळणा. हौस माझीच. बाळ त्यात जेमतेम तीन आठवडे झोपलं. ज्या गोष्टी दोघांनी बसून आधी बोलायला हव्या होत्या, त्या मात्र आम्ही 'बघू पुढे' म्हणत ढकलल्या. खालचा क्रम त्या चुकांमधून आला आहे.

१. आधी रात्र वाटून घ्या

तान्हं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं आणि त्याला दिवस-रात्र कळत नाही. पाजायचं, ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, पुन्हा झोपवायचं, यात पाऊण तास सहज जातो. तासा-दीड तासाने पुन्हा तेच. पाजणं आईचं, पण बाकीचं कुणाचं? हे सातव्या महिन्यात ठरवा. पहाटे तीनला ठरवायला गेलात तर भांडणच होतं. आमचं झालं, तेही कुजबुजत, कारण बाळ नुकतंच झोपलं होतं.

'मी मदत करीन' हे वाक्य बाबांनी सोडून द्यावं. मदत पाहुणे करतात. आमच्याकडे शेवटी असं ठरलं: रात्री दीडपर्यंत सगळं माझ्याकडे, बाळ फक्त पाजायला तिच्याजवळ द्यायचं, दीडनंतर तिची पाळी, शुक्रवार-शनिवारी अख्खी रात्र माझी. सोमवारी ठाण्याच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलक्या काढल्या, पण घरात शांतता राहिली.

दिवसाची कामंही कागदावर लिहून फ्रिजवर लावा: दूध-भाजी, भांडी, कपडे वाळत घालणं. बाळ जून ते सप्टेंबरमध्ये येणार असेल तर दुपटी दुप्पट ठेवा. नवी मुंबईच्या पावसात ती दोन-दोन दिवस वाळत नाहीत.

२. तीन महिने एका पगारावर जगून बघा

ही रंगीत तालीम आहे. एकाचा पगार थेट बाजूला टाकायचा आणि दुसऱ्यात घराचा हप्ता किंवा भाडं, किराणा, प्रवास बसवायचा. कुठे ओढाताण होते ते पहिल्याच महिन्यात कळतं आणि बाजूला पडलेले पैसे बाळंतपणाला होतात.

आरोग्य विम्याची पॉलिसी आजच उघडून वाचा. स्वतः घेतलेल्या अनेक पॉलिसींत बाळंतपणाच्या खर्चासाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी त्या खर्चाला उपयोगी पडत नाही. कंपनीच्या पॉलिसीत ही अट बहुधा नसते, पण रकमेला मर्यादा असते. बाळाचं नाव पॉलिसीत किती दिवसांत घालायचं तेही विचारून ठेवा.

रजेचं गणित असं: पहिल्या दोन बाळांसाठी आईला कायद्याने २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. खासगी नोकरीतल्या बाबांना मात्र असा कायदा नाही. कंपनी देईल तेवढंच. म्हणून वर्षभर रजा साठवा. गणपतीला गावी गेला नाहीत तर बाप्पा समजून घेईल.

३. हॉस्पिटलचा रस्ता संध्याकाळी सातला बघा

अजून दिवस राहिले नसतील तर डॉक्टरांना आत्ताच भेटा. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायच्या असतात आणि दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणीही तेव्हाच झालेली बरी.

हॉस्पिटल निवडताना नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग तिथेच आहे का, हे पहिल्यांदा विचारा. मग रविवारी दुपारी नाही, कामाच्या दिवशी संध्याकाळी तिथवर जाऊन बघा. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना ट्रॅफिकबद्दल मी वेगळं काय सांगणार! आमच्या बाजूला कंपन्या सुटल्यावर महापेजवळ तीच गत. दहा किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं हा हिशेब तेव्हा चालत नाही. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा.

४. घरात कोण येणार आणि कुणाचं चालणार

आई येणार की सासूबाई, की बायको माहेरी जाणार? वन बीएचकेत हा प्रश्न गादी कुठे घालायची इथून सुरू होतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, न्हाऊ घालणारी बाई, हे सगळं चालू द्या. दोन ठिकाणी मात्र ठाम राहा: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको आणि गुटीही नको, वर्षाच्या आत मध अजिबात नको, कारण त्यातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. हे तुम्ही सांगू नका. बालरोगतज्ज्ञांकडे आजीला सोबत न्या, म्हणजे डॉक्टरच सांगतील.

बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येतं. ते दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, बाळाजवळ जावंसंही वाटेना, तर 'हवा लागली' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या, क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे आणि मोफत आहे.

पाळणाघर आईची रजा संपायच्या दोन महिने आधी शोधा आणि दुपारी, मुलं झोपायच्या वेळी, न सांगता जाऊन बघा.

५. कागद

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. ती बाळ जन्मलं त्या गावची. माहेर साताऱ्याला असेल तर दाखला तिकडचाच. हॉस्पिटलात जन्म झाला तर माहिती तेच पाठवतात, पण फॉर्मवर आई-बाबांची नावं आधारप्रमाणे आहेत का हे सही करण्याआधी बघा. मी न बघता सही केली आणि एका अक्षरासाठी दोन अर्ध्या सुट्ट्या घालवल्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर नोंद अडत नाही. नाव नंतर, वर्षभरात घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून आधारपर्यंत हाच दाखला लागतो.

बीसीजी, पोलिओ आणि हेपॅटायटिस बी या पहिल्या लसी जन्मानंतर लगेच द्यायच्या असतात. पुढच्या ६, १० आणि १४ आठवड्यांना. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात.

६. आता खरेदी

आजीच्या जुन्या सुती साडीची दुपटी, सात-आठ झबली, दोन टोपडी, लंगोट. मोठ्या मापाचे कपडे बारशाला येतातच. पाळणा ओळखीत मागा. आमचा हवा असेल तर घेऊन जा. सध्या त्यात इस्त्रीला द्यायचे कपडे पडलेले असतात.