कोजागिरीला गच्चीवर ‘शीर्षकगीत ओळखा’ कसं रंगवावं

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कोजागिरीला अंताक्षरी व्हायची. तेच चार जण गायचे आणि बाकीचे दुधाकडे डोळे लावून बसायचे. मग मी ऐंशीच्या दशकातल्या दूरदर्शन मालिकांच्या सुरावटी ओळखायला लावायचा खेळ सुरू केला, मुख्यतः विनोदी मालिकांच्या. तेव्हापासून दर अर्ध्या तासाने “पाणी आलं का बघून येतो” म्हणून खाली सटकणारे काकासुद्धा शेवटपर्यंत बसतात. तुम्हालाही करायचा असेल, तर तयारी अशी करा.

गट मजल्यांनुसार किंवा विंगनुसार पाडू नका. एका गटात सगळे साठीचे आले तर बाकीच्यांनी काय हवा खायची? प्रत्येक गटात १९८४ सालचं ‘हम लोग’ पहिल्यांदा लागलं तेव्हा बघितलेलं कुणीतरी हवं आणि एखादं शाळकरी पोरही हवं. पोरांना कमी लेखू नका. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर त्यांना २०२१ च्या नव्या ‘वागळे की दुनिया’मुळे माहीत असतात. १९८८ ची मूळ मालिका कुंदन शाहनी केली होती आणि वागळे हे पात्र आर. के. लक्ष्मण यांचं. तिच्या एका भागात शाहरुख खान होता, हे सांगितलं की पोरं हमखास “काहीही काय!” म्हणतात. तो भाग फोनवर काढून तयारच ठेवा.

सुरावटींसाठी वणवण नको. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातल्या बऱ्याच जुन्या मालिका यूट्यूबवर ठेवल्या आहेत. दहा-बारा पुरतात, जास्त घेतल्या तर लोक पेंगतात. खरं काम आहे ते कापण्याचं. ‘ये जो है जिंदगी’चं शीर्षकगीत किशोर कुमारचं आहे, पण मालिकेचं नाव गाण्यातच असल्यामुळे ओळ लागली की संपलं. म्हणून शब्दांच्या आधीचे चार-पाच सेकंदच लावायचे. कुणालाच आलं नाही तरच किशोरला तोंड उघडू द्यायचं, आणि मग गुण निम्मे. ‘रजनी’लाही हाच नियम.

आणखी एक गोष्ट. ब्लूटूथचे स्पीकर बराच वेळ गप्प राहिले की झोपतात आणि पुढच्या सुरावटीचा पहिला सेकंद गिळून टाकतात. पाच सेकंदांतला एक गेला तर राहिलं काय? म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आधी दोन-तीन सेकंद शांतता जोडा. सगळ्या तुकड्यांचा आवाजही सारखा करून घ्या, जुन्या टेपांवरून चढवलेलं काही पुटपुटतं, काही किंचाळतं. आणि चित्र अजिबात दाखवायचं नाही. चित्र दिसलं की सगळे बघत बसतात, बोलत कुणी नाही.

सुरुवात दूरदर्शनच्या बोधधूनेने करा, पंडित रविशंकरांची ती. तिला गुण नाहीत, ती फक्त गच्ची गप्प करण्यासाठी. त्यानंतर एखादी सोपी आणि मग ‘नुक्कड’. इथे नावाला दोन गुण, आणि गुरू, हरी, कादरभाई, खोपडी यांतलं प्रत्येक पात्र सांगितलं की एकेक जादा. ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ उशिरा लावा. रघुवीर यादवचा चेहरा सगळ्यांना आठवतो, सुरावट फार थोड्यांना. तिथे गच्ची पडली की लगेच ‘मालगुडी डेज’. ती विनोदी मालिका म्हणता येणार नाही, पण वगळून बघा, लोक तुम्हालाच वगळतील. एल. वैद्यनाथन यांच्या त्या सुरावटीला शब्दच नाहीत, त्यामुळे कुणी अडखळत नाही. आमच्याकडे जी मंडळी एरवी टाळीसुद्धा वाजवत नाहीत, तीही ‘ता ना ना’ करतात.

‘चिमणराव’ सत्तरच्या दशकातले, म्हणजे खेळाच्या हद्दीबाहेरचे. पण ज्येष्ठांसाठी एक प्रश्न राखून ठेवा: दिलीप प्रभावळकर चिमणराव, मग गुंड्याभाऊ कोण? बाळ कर्वे हे उत्तर एकाच वेळी पाच दिशांनी येतं.

भांडणं होणारच. ‘देख भाई देख’ आणि ‘जबान संभाल के’ ऐंशीतल्याच, असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक सोसायटीत असतात. दोन्ही १९९३ च्या. त्यांना अर्धा गुण देऊन पुढे चला, वाद घालत बसलात तर दूध आटेल. याच कारणासाठी सालं विचारूच नका. साल विचारलं की खेळाची तोंडी परीक्षा होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक उत्तरानंतर दोन-तीन मिनिटं मोकळी ठेवा आणि तेव्हा “तुम्हाला तेव्हा कसं वाटायचं?” असं चुकूनही विचारू नका. “छान वाटायचं” म्हणून लोक गप्प होतात. विचारायचं ते हे: “कुणाच्या घरी बघायचात?” मग बघा. टीव्ही आमच्याकडे नव्हता, जोश्यांकडे होता, त्यांच्या आजी दारातच पाय धुवायला लावायच्या, अँटेना फिरवायला मधल्या भावाला कौलांवर चढवायचे आणि खालून “आलं, आलं, गेलं!” ओरडायचे, ‘ये जो है जिंदगी’त सतीश शाह या वेळी कोण होऊन येणार यावर बिऱ्हाडाबिऱ्हाडांत पैजा लागायच्या. गुणांची वही बाजूला पडली तरी चालेल. मी तर एखाद-दोन सुरावटी मुद्दाम गाळते, पण गप्पा तोडत नाही.

वेळेचं गणित मात्र उलटं लावा. रात्री दहानंतर स्पीकर बंद, तो कायदाच आहे. म्हणून खेळ आठ वाजता, दूध नंतर. शेवटची फेरी ‘फ्लॉप शो’ची ठेवा: जसपाल भट्टी भागाच्या शेवटी सिनेमातल्या गाण्यांची विडंबनं करायचे, तसं प्रत्येक गटाने आपल्याच सोसायटीवर दोन ओळींचं विडंबन रचायचं. लिफ्ट, पार्किंग, पाण्याचा टँकर, विषयांना तोटा नाही. सेक्रेटरींना आधी कल्पना देऊन ठेवा.

बक्षीस काही नको. हरलेल्या गटाने दुधाची पातेली घासायची, एवढं पहिल्यांदाच जाहीर करा.